‘ताई, आता नवीनच घ्या’: जुना एसी दुरुस्त करायचा की बदलायचा, हे स्वतः कसं ठरवायचं

आईचा फोन आला तो मे महिन्यात, रात्री साडेनऊला. "अगं, नुसता वारा येतोय, गार काही होत नाही." ठाण्याच्या घरातला तिच्या खोलीतला दीड टनाचा स्प्लिट एसी, २०१२ साली घेतलेला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, आउटडोअरच्या पाइपला हात लावून म्हणाला, "गॅस संपलाय काकू." तीन हजार घेऊन त्याने गॅस भरला. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच, पुन्हा तीन हजार. तिसऱ्या वर्षी दुसराच मेकॅनिक आला आणि मशीनकडे बघून म्हणाला, "ताई, बारा वर्षं झाली. आता नवीनच घ्या."

तिन्ही वेळा एक प्रश्न कुणीच विचारला नाही, मीसुद्धा नाही: गॅस गेला कुठे?

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही आणि वापरून संपतही नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक आहे. ते कुठे आहे यावर अर्धा निर्णय ठरतो. उरलेला अर्धा ठरतो तुम्ही एसी वर्षाला किती तास लावता आणि मशीन कुठल्या हवेत उभं आहे यावर. वय या सगळ्यांनंतर येतं. पुण्यातला चौदा वर्षांचा एसी खुशाल दुरुस्त करावा आणि ठाण्यातला आठ वर्षांचा बदलावा, असं होऊ शकतं.

आणखी एक. हा निर्णय मे महिन्यात घेऊ नका. घामाने निथळत असताना माणूस समोरचा सांगेल त्याला हो म्हणतो. थंडी ओसरली की, म्हणजे फेब्रुवारीत, पुढचं सगळं करा. मेकॅनिक मोकळे असतात आणि नवीन घ्यायचाच ठरला तर पाडव्याच्या ऑफर हातात असतात.

आधी पाटी वाचा

आउटडोअर युनिटच्या बाजूला एक चंदेरी किंवा पांढरी पाटी असते. मोबाइलवर तिचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. तिच्यावरून चार गोष्टी कळतात: बनवल्याचं वर्ष, गॅसचा प्रकार, गॅस किती ग्रॅम आणि मशीन किती वॉट घेतं.

गॅसचा प्रकार फार महत्त्वाचा. जुन्या मशीनमध्ये आर-२२ असतो, मधल्या काळातल्या बऱ्याच मशीनमध्ये आर-४१०ए आणि आत्ताच्या बहुतेकांमध्ये आर-३२. काहींमध्ये आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो. आर-२२ ओझोनला घातक, म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होतोय. भारतात २०२५ पासून नवीन मशीन त्याच्यावर बनत नाहीत. दुरुस्तीसाठी तो अजून मिळतो, पण इथून पुढे तो कमीच होत जाणार. म्हणून आर-२२ च्या मशीनची गळती आणि आर-३२ च्या मशीनची गळती एकाच तराजूत तोलू नका.

"आर-२२ मिळत नाही, त्यात आर-३२ भरून देतो" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. आर-३२ आणि आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो. जुना कॉम्प्रेसर, त्यातलं तेल आणि नळ्या त्या दाबासाठी बनवलेल्या नसतात. शिवाय आर-३२ पेट घेऊ शकतो.

पाटीनंतर वॉरंटी कार्ड शोधा. बिलं ठेवायच्या पिशवीत तळाशी असतंच. इन्व्हर्टर एसीच्या (म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणाऱ्या एसीच्या) कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी बऱ्याच कंपन्या देतात, काही जण पीसीबीला म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डालाही पाच वर्षं देतात. नऊ वर्षांच्या मशीनचा कॉम्प्रेसर गेला म्हणून लोक हळहळत नवीन एसी घेतात आणि कार्ड कपाटातच राहतं. मात्र कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी गॅस, मजुरी आणि ने-आण यांचे पैसे अनेकदा वेगळे लागतात. ते आधी विचारा.

कुणाला फोन करायच्या आधी

फिल्टर काढून उजेडात धरा. पलीकडचं दिसत नसेल तर नळाखाली धुवा, सावलीत वाळवा, परत बसवा. इनडोअरच्या कॉइलवर बर्फ धरत असेल तर अनेकदा कारण हेच असतं.

आउटडोअर युनिटची मागची जाळी बघा. आमच्याकडे तिच्यावर कबुतरांची पिसं, शेजारच्या बांधकामाची धूळ आणि कुणाच्या तरी गच्चीतून उडालेली प्लॅस्टिकची पिशवी असा ऐवज होता. गरम हवा बाहेर टाकायला जागाच नसेल तर कॉम्प्रेसर तापतो आणि सेफ्टीने बंद पडतो. थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो, पुन्हा बंद. लोकांना वाटतं कॉम्प्रेसर गेला.

इनडोअरमधून पाणी गळत असेल तर जवळपास नेहमीच ड्रेन पाइपमध्ये शेवाळासारखा चिकट गाळ अडकलेला असतो. त्यासाठी मशीन बदलायचा विचारही करायचा नाही.

रिमोटचे सेल आणि मोड बघा. हसू नका, एकदा मी स्वतः ‘ड्राय’वर ठेवून तासभर कूलिंगची वाट पाहिली आहे.

इन्व्हर्टर मशीन असेल तर बिघाड झाल्यावर डिस्प्लेवर बहुधा एक कोड येतो, अनेकदा ‘ई’ किंवा ‘एफ’ने सुरू होणारा. त्याचा फोटो काढा. मेकॅनिकने तो कोड न बघताच निदान सांगितलं तर ते निदान नव्हे.

मीटरचा लाल दिवा मोजा

हा प्रकार मला फार आवडतो, कारण याला पैसे पडत नाहीत आणि मेकॅनिकही गप्प होतो. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी लिहिलेलं असतं, किती लुकलुकींचा एक युनिट. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं. तुमच्या मीटरवर जे असेल ते घ्या.

घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. फक्त एसी चालू. तापमान अठरावर ठेवा, म्हणजे कॉम्प्रेसर मध्ये बंद होणार नाही. पंधरा मिनिटं जाऊ द्या. मग खाली मीटरपाशी जाऊन मोबाइलवर एक मिनिट लावा आणि लुकलुका मोजा. आकड्याला ६० ने गुणा, ३२०० ने भागा. आलेला आकडा किलोवॉट.

आईच्या मशीनच्या पाटीवर १,७५० वॉट होतं. म्हणजे मिनिटाला त्र्याण्णवच्या आसपास लुकलुका हव्यात. मी जिन्याखाली उकिडवी बसून दोनदा मोजल्या. साठ आल्या, म्हणजे साधारण १,१२५ वॉट. मशीन चालू आहे, गार करत नाही आणि वीजही कमी खातंय: कॉम्प्रेसरला दाबायला पुरेसा गॅसच नाही. उलट कूलिंग कमी पण वॉट पाटीपेक्षा जास्त, असं आलं तर कंडेन्सर (आउटडोअरमधली गरमी बाहेर टाकणारी कॉइल) घाणीने भरला असेल, बाहेरचा पंखा मंदावला असेल किंवा कॉम्प्रेसर थकला असेल. वॉट बरोबर, एसीतून येणारी हवाही गार, पण खोली गार होत नाही? मग दोष मशीनचा नाही. पश्चिमेची भिंत, वरचा स्लॅब किंवा खिडकीची फट बघा. नवीन एसीही तिथे तेवढाच घामाघूम होईल.

इन्व्हर्टरचा आकडा सतत बदलतो, म्हणून त्याची मोजणी सुरुवातीच्या पूर्ण जोराच्या काळातच करा.

सोबत स्वयंपाकघरातला किंवा मत्स्यालयाचा साधा थर्मामीटर घ्या. एसीत वरून शिरणाऱ्या हवेचं आणि खालून येणाऱ्या हवेचं तापमान घ्या. फरक आठ ते बारा अंश असेल तर मशीनची तब्येत ठीक. चार-पाच असेल तर काहीतरी बिनसलंय. पावसाळी दमट हवेत फरक थोडा कमी येतो, कारण मशीनची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते.

‘गॅस गेला’ म्हणजे नक्की कुठून

इथे थोडं थांबू. माझ्या ओळखीत जुन्या एसीवर सर्वात जास्त पैसे याच एका वाक्याखाली वाया गेले आहेत.

गळती साधारण तीन जागी होते. पहिली जागा फ्लेअर नटची. इनडोअर-आउटडोअर जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्या जिथे नटांनी घट्ट केलेल्या असतात, ती जागा. बसवताना नळीचं तोंड नीट पसरवलं नसेल किंवा वर्षानुवर्षांच्या थरथरीने नट ढिला झाला असेल तर गॅस हळूहळू जातो. ही गळती स्वस्तातली. नळीचं तोंड कापून नवीन फ्लेअर काढायचा (म्हणजे तोंड पुन्हा पसरवायचं), व्हॅक्यूम करायचं म्हणजे पंपाने आतली हवा ओढून घ्यायची, गॅस भरायचा. विषय संपला.

दुसरी जागा बाहेरच्या नळ्यांची किंवा कंडेन्सरची. एखादी नळी ब्रॅकेटला घासून झिजली असेल तर ब्रेझिंग करून, म्हणजे तापवून डाग देऊन, ती पुन्हा उभी राहते.

तिसरी जागा कॉइलची, बहुतेकदा इनडोअरची कूलिंग कॉइल. इथे तांब्याच्या जाडीत मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक भोकं पडत जातात. पाणी, हवा आणि घरातल्या रसायनांमधून येणारी सेंद्रिय आम्लं मिळून हे काम करतात. खाडीकाठी किंवा उघड्या नाल्यापाशी सांडपाण्यातून येणारा गंधकाचा वायू तांबं काळं करतो. एक भोक बुजवलं की सहा महिन्यांनी शेजारी दुसरं. अशा कॉइलला डाग देत बसणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं.

आईच्या मशीनची गळती शोधायला मी तिसऱ्याच मेकॅनिकला फेब्रुवारीत बोलावलं आणि फोनवरच सांगितलं: नायट्रोजनचा सिलिंडर घेऊन या, गॅस नंतर बघू. त्याने नायट्रोजनचा दाब दिला आणि एका वाटीत साबणाचा फेस करून ब्रशने सगळ्या सांध्यांवर लावला. फ्लेअर नट कोरडे, काही नाही. मग इनडोअरचं कव्हर काढलं. कॉइलच्या डाव्या वळणांवर तेलकट काळा डाग होता, त्यावर धूळ बसलेली. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतं, म्हणून गळतीची जागा तेलकट दिसते. तिथे फेस लावला. आधी काहीच नाही. मग एक बुडबुडा हळूहळू फुगत मोहरीएवढा झाला, फुटला आणि त्याच जागी दुसरा फुगायला लागला. शेजारी अजून एक. आई चष्मा लावून बघत होती. म्हणाली, "तीन हजार तिथून गेले होय."

नायट्रोजनऐवजी कुणी ऑक्सिजनच्या सिलिंडरने दाब द्यायला लागला तर तिथल्या तिथे थांबवा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो.

बाकीचे भाग

खाली दिलेले पैसे मला ठाणे-पुण्यात वेगवेगळ्या वेळी सांगितले गेलेले आहेत. तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील.

कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला धक्का देणारा छोटा डबा, हा साध्या, बिनइन्व्हर्टर मशीनचा सगळ्यात जास्त मरणारा आणि सगळ्यात स्वस्त भाग. डब्याचं टोक फुगलेलं दिसतं, कॉम्प्रेसर ‘हूं’ करून सुरू न होता बंद पडतो. हजाराच्या आत काम होतं. मशीन वीस वर्षांचं असलं तरी बदला. "कॉम्प्रेसर गेला" असं सांगितल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: नवीन कपॅसिटर लावून बघितला का?

पंख्याची मोटर दोन ते चार हजारांत होते. बाकी मशीन ठीक असेल तर दुरुस्तीच करा.

पीसीबीचं गणित गमतीशीर आहे. इन्व्हर्टरच्या आउटडोअर पीसीबीचे कंपनी आठ-दहा हजार किंवा जास्तही सांगते. पण बोर्ड जळतो तो अनेकदा विजेच्या चढउतारांमुळे किंवा आत शिरलेल्या पालीमुळे, आणि जळतात त्यातले एक-दोनच भाग. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारपूस केली तर बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर सापडतात. खर्च निम्म्याहून कमी येतो. वॉरंटी मात्र महिना-तीन महिन्यांचीच मिळते. सात वर्षांपर्यंतच्या मशीनला मी हे करून बघेन. दुसऱ्यांदा तोच बोर्ड गेला तर नाही.

कॉम्प्रेसर खरंच गेलाय का, हे मल्टिमीटरने कळतं. साध्या कॉम्प्रेसरला तीन टोकं असतात: कॉमन, स्टार्ट, रन. स्टार्ट-रनमधला रोध हा बाकी दोन जोड्यांच्या बेरजेइतका यायला हवा. इन्व्हर्टरमध्ये तिन्ही जोड्यांचा रोध सारखा येतो. कुठल्याही टोकाचा बॉडीशी संपर्क दिसला तर तो संपला. मापन तुमच्यासमोर करायला सांगा. वॉरंटीबाहेरच्या कॉम्प्रेसरला गॅस-मजुरीसह दहा-पंधरा हजार जातात. आठ वर्षांपुढच्या मशीनला इतके घालू नयेत असं माझं मत आहे. एक जळालेला कॉम्प्रेसर सगळ्या नळ्यांत आम्लट काजळी सोडतो. नळ्या आतून नीट धुतल्या नाहीत तर नवाही लवकर जातो.

आता वही-पेन घ्या

‘दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीपेक्षा जास्त असेल तर बदला’ हा नियम सगळे सांगतात. मला तो अपुरा वाटतो, कारण त्यात तुमचा वापर कुठेच नाही. मी ‘दर उन्हाळ्याचा खर्च’ काढते.

आधी विजेचा खरा दर. महावितरणचे घरगुती स्लॅब १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात आणि एसीचे युनिट नेहमी वरच्या, महागड्या स्लॅबमध्ये पडतात. म्हणून बिलाला एकूण युनिटने भागून आलेला सरासरी दर फसवा असतो. जानेवारीचं आणि मेचं बिल घ्या. रुपयांमधल्या फरकाला युनिटमधल्या फरकाने भागा. आईकडे हा दर पंधराच्या घरात आला, माझ्याकडे पुण्यात तेरा.

मग युनिट. स्टार लेबलवर वर्षाला लागणारे युनिट छापलेले असतात, ते १,६०० तासांच्या वापरावर काढलेले. २०२२ च्या निकषांमधला पाच स्टारचा दीड टनी एसी साधारण ७५० ते ८०० युनिट दाखवतो, तीन स्टारचा हजारच्या आसपास. बारा-चौदा वर्षांपूर्वीचा साधा तीन स्टार त्याच हिशेबाने साडेबाराशेच्या घरात जातो. म्हणजे जुना आणि नवा पाच स्टार यांत १,६०० तासांमागे सुमारे ४५० युनिटचा फरक.

पुण्यात मी नव्वद रात्री, सात तास एसी लावते: ६३० तास. बचत १७५ युनिटच्या आसपास, म्हणजे वर्षाला बावीसशे-तेवीसशे रुपये. आई दमट हवेत ऑक्टोबरसकट दीडशे रात्री, आठ तास लावते: १,२०० तास. बचत ३३७ युनिट, म्हणजे पाच हजार.

नवीन एसी बसवून समजा ४६ हजार, जुन्याचे चार हजार सुटले, निव्वळ ४२. दहा उन्हाळे धरले तर उन्हाळ्याला ४,२००. यातून विजेची बचत वजा करा. पुण्यात उरतात एकोणीसशे-दोन हजार. ठाण्यात उरतं उणे आठशे, म्हणजे नवा एसी वर पैसे देतोय.

आता दुरुस्तीकडे या. दुरुस्तीचा खर्च भागिले ती किती उन्हाळे टिकेल. फ्लेअर नट आणि गॅसचे चार हजार आणि पुढे चार उन्हाळे गेले तर हजार. पुण्यात दुरुस्ती सरळ जिंकते. इनडोअर कॉइल बदलून गॅससकट बारा हजार आणि आर-२२ च्या मशीनने दोन-तीन उन्हाळे काढले तर चार ते सहा हजार. दोन्हीकडे हरते. किती उन्हाळे टिकेल हा अंदाजच असतो, त्यामुळे मेकॅनिक सांगेल त्याच्या निम्मे धरा.

यातून एक निष्कर्ष निघतो जो दुकानदार सांगत नाही: पुणे, नाशिकसारख्या ठिकाणी, जिथे एसी तीन महिने रात्रीपुरता लागतो, तिथे ‘वीज वाचेल’ हे बदलण्याचं पुरेसं कारण नाही. चालणारा जुना एसी चालू द्या. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजीकडे उलटं. तिथे खर्चिक दुरुस्ती निघाली की आकडे बदलण्याकडे झुकतात. नागपूरला माझी बहीण एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात कूलरवर निभावते आणि जूनमध्ये हवा दमट झाली की एसी काढते. तिचे तास तुम्ही समजाल त्यापेक्षा कमी निघाले.

जिथे हिशेब करायचा नाही

प्लग किंवा वायर वितळतेय, जळका वास येतोय आणि वायरिंग बदलूनही तो जात नाही. आउटडोअरचा तळ गंजून चाळण झालाय आणि तो रस्त्यावर लोंबतोय. भाग मिळत नाही म्हणून "जुगाड करून देतो" असं ऐकायला मिळतंय. किंवा एकाच गळतीसाठी लागोपाठ दुसऱ्या वर्षी गॅस भरायची वेळ आलीय. यांपैकी काहीही असेल तर काढा. फक्त ब्रॅकेट गंजला असेल तर ब्रॅकेट बदला, पण आज.

दुरुस्त करायचं ठरलं तर

काम सुरू होण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या: कोणता भाग, किती पैसे, किती दिवसांची हमी. जुना भाग तुमच्या हातात द्यायला सांगा. गळती काढल्यावर नायट्रोजनचा दाब देऊन निदान अर्धा तास काटा हलत नाही हे तुमच्यासमोर बघू द्या. त्यानंतर व्हॅक्यूम पंप, निदान वीस-तीस मिनिटं. थोडा गॅस सोडून नळीतली हवा ‘उडवून’ देणारे बरेच असतात. त्याने ओल आत राहते. गॅस वजनकाट्यावर, पाटीवरच्या ग्रॅमइतका. अर्धवट गळलेल्या आर-४१०ए मध्ये वरून थोडा टाकून चालत नाही. तो दोन वायूंचं मिश्रण आहे, सगळा काढून नवीन भरायचा.

पक्कं बिल घ्या. सेवेबद्दल तक्रार करावी लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण बिल नसेल तर बोलायला काही राहत नाही.

बदलायचं ठरलं तर

स्टार मोजू नका, लेबलवरचा आयएसईईआर हा आकडा (विजेच्या मानाने मशीन किती गारवा देतं; जितका जास्त तितका चांगला) आणि युनिट वाचा. स्टारचे निकष ठरावीक वर्षांनी कडक होतात. २०१८ च्या निकषांत स्प्लिटला साडेचारला पाच स्टार मिळायचे, जुलै २०२२ पासून त्यासाठी पाच लागू लागले आणि जानेवारी २०२६ पासून पायरी आणखी वर गेली. त्यामुळे दुकानात एकाच रांगेत वेगवेगळ्या निकषांचे पाच स्टार उभे असू शकतात. लेबलवर मुदत छापलेली असते, ती बघा. किमतींची जुनी आठवणही बाजूला ठेवा: २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे.

पाच स्टार की तीन? वरच्याच पद्धतीने काढा. माझ्या ६३० तासांना दोघांतला फरक वर्षाला हजार-अकराशे रुपयांचा, आणि किमतीतला फरक आठ-दहा हजारांचा. पुण्यात मी तीन स्टार घेईन. आईसाठी पाच.

टन वाढवायचा मोह टाळा. जुना दीड टन तब्येतीत असताना खोली गार करत होता ना? मग दीडच. मोठं मशीन खोली पटकन गार करून थांबतं, दमटपणा तसाच राहतो.

तांब्याच्या जुन्या नळ्या वापरू द्या असं बसवणारा म्हणेल. जुनं मशीन आर-२२ चं असेल तर नको. आत जुनं तेल असतं आणि नव्या गॅसचा दाब जास्त. भिंतीत गाडलेल्या नळ्यांचं दुःख मला कळतं, पण नव्या मशीनची वॉरंटी त्यापायी पणाला लावू नका. वेगळी १६ अँपिअरची लाइन, एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून आधीच तपासा. आउटडोअरची जागा बदलत असेल तर सोसायटीला पत्र द्या. बसवून झाल्यावर भांडण्यापेक्षा ते सोपं.

आणि जुनं मशीन. भंगारवाला दारात आला की पक्कडीने नळी कापतो, फुस्स आवाज येतो आणि किलोभर आर-२२ आकाशात जातो. ते होऊ देऊ नका. काढणाऱ्याला ‘पंप डाउन’ करायला सांगा, म्हणजे उरलेला गॅस आउटडोअरमध्ये ओढून व्हॉल्व्ह बंद करायचे. कॉम्प्रेसर चालत असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. नंतर एक्स्चेंजमध्ये द्या किंवा नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत एसी येतो आणि जुन्या मशीनच्या योग्य विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून कंपनीच्या हेल्पलाइनवरही विचारता येतं.

नवीन मशीन बसलं की इनडोअरच्या पॅनलच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. तारीख, गॅसचे ग्रॅम, आत-बाहेरच्या हवेतला फरक, मीटरच्या लुकलुका. दर फेब्रुवारीत एक ओळ वाढवा. आईच्या कागदावर तिच्याच अक्षरातली पहिली ओळ आहे: "पाडवा. चोवीसवर, तासाभराने. मिनिटाला ४१."